पाय ठेवायची जागा

अक्षूच्या तोंडात बोट घालून मी जो तुकडा बाहेर काढला, तो बिस्किटाचा नव्हता. तपकिरी, पातळ, कडेला धार असलेला. मोबाइलचा टॉर्च लावून मी तिची टाळू, जीभ, हिरड्या सगळं पाहिलं. कुठे कापलं नव्हतं. ती माझं बोट चावून हसत होती. तरी मी आत जाऊन तिचं लसीकरणाचं कार्ड काढलं, धनुर्वाताच्या डोसांपुढच्या खुणा पुन्हा तपासल्या आणि मगच तो तुकडा आला कुठून ते पाहायला बाहेर आले.

लांब जावं लागलं नाही. अंगणात पिकअप उभी होती, आणि तिच्या ड्रायव्हरच्या बाजूचा फुटबोर्ड, म्हणजे वर चढताना जिथे पाय टेकवतात ती पायरी, कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. खाली मातीवर त्याच रंगाचा चुरा. दाराची खालची कड तर अशी झाली होती की बोट लावलं तर आत जाईल.

पिकअप माझ्या नवऱ्याची, दुर्गेशची. आमच्या लग्नाआधीपासूनची. कापूस, संत्री, लग्नातल्या खुर्च्या, कोणाचं घर बदलायचं सामान, जे मिळेल ते त्यांनी तिच्यातून वाहिलं. अक्षू झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते पुण्याकडे गेले, एका कंपनीच्या कामगारांची बस चालवायला. पिपरी मेघे गावातल्या या घरात मग पिकअप राहिली, मी राहिले, अक्षू राहिली आणि सासूबाई. सासरे मी या घरात येण्याआधीच गेलेले.

संध्याकाळी फोनवर मी त्यांना गंजाचं सांगितलं.

"भंगारात देऊन टाक," ते म्हणाले. "तसंही पासिंग संपलं तिचं. असा पत्रा पाहून कोण पास करन?"

मी विचारलं, आणि झाली पास तर?

"झाली त त्याच दिवशी नोकरी सोडून येतो." आणि हसले.

हसत म्हणाले होते. पण म्हणाले होते. भांडी घासताना, अक्षूला थोपटताना, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभं राहताना मी ते वाक्य इतक्या वेळा मनात फिरवलं, की त्यातलं हसू झिजून गेलं आणि नुसते शब्द उरले.

प्रेमदास त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. शाळेची व्हॅन चालवतो. त्याला बोलावलं तर तो पोतं अंथरून गाडीखाली शिरला, पान्याने इथे ठोक, तिथे ठोक, आणि बाहेर येऊन म्हणाला, चेसिस ठणठणीत आहे, इंजिनही बॅटरी लावली की बोलेल. खराब झालं आहे ते वरचं कातडं. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला दाखवलं, तर त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून सासूबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं आणि त्या आत निघून गेल्या.

म्हणून मग मीच करायचं ठरवलं. बीएस्सीला मला केमिस्ट्री होतं. लोखंड, पाणी आणि हवा यांचं काय होतं ते मी परीक्षेत लिहून आले होते. आता हाताने करायचं, एवढंच. खिडकीचे गज रंगवून उरलेलं रेड ऑक्साइड घरात होतं. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर हार्डवेअरमधून आणले. पत्रा विकत घ्यायचा नव्हता, म्हणून तेलाचा रिकामा पिपा कापून सपाट केला. बाकीचं मोबाइलवर पाहायचं. एक पंजाबी माणूस पडक्या शेडमध्ये उभा राहून सगळं नीट दाखवायचा. आधी गंज खरवडून चमकता पत्रा लागेपर्यंत जायचं. जे सडलं ते कापून टाकायचं, त्याला माया करायची नाही. मग ठिगळ, मग रिव्हेट, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, आणि मग रंग. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती बुजवायची नाहीत, हे तो दर वेळी सांगायचा.

दुपारी अक्षू झोपली की मी कामाला लागायची. ती जागी असली तर ओसरीच्या दारात बाज आडवी लावून द्यायची, म्हणजे तिला मी दिसेन पण तिचा हात चुऱ्यापर्यंत पोचणार नाही. तरी माझे डोळे दर मिनिटाला तिकडे. तिचा आवाज बंद झाला की मी ब्रश टाकून पळायची. बहुतेक वेळा ती नुसती पाहत बसलेली असायची.

समोरच्या काकू गेटवर थांबून म्हणाल्या, "काऊन वो सोनम, आता गॅरेज टाकतं का?" मी हसले. त्याही हसल्या आणि बराच वेळ थांबल्या. पुढे मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मला बोलायचं होतं, पण काय ते आठवेना. दिवसभरात मी अक्षूशी बोलायची ते तिच्या भाषेत आणि सासूबाईंशी बोलायची ते भाजीबद्दल. मोठ्या माणसाचं वाक्य तोंडात यायला वेळ लागत होता.

कधी हात दुखून आले की मी केबिनमध्ये त्यांच्या सीटवर बसायची. तिथे त्यांची बडीशेपेची पुडी होती, दात तुटलेला कंगवा होता. स्टिअरिंगचं कव्हर दोन ठिकाणी गुळगुळीत झालं होतं, तिथे हात ठेवला की माझा पंजा लहान पडायचा. मग मी मोबाइल काढून ते शेवटचे ऑनलाइन कधी होते ते पाहायची. काही काम नसायचं. नुसतं पाहायची.

फुटबोर्ड मी कापला, ठिगळ बसवलं, दाराची कड केली, घासलं, लाल रंग दिला. दोन दिवस गाडीजवळून जाताना मान आपोआप तिकडे वळायची. मग त्या लालवर तपकिरी ठिपके उठले.

मी पुन्हा घासलं. पुन्हा रंग दिला. आठवडा गेला नाही, तोच ठिपके परत. दुकानदाराला जाऊन विचारलं की डबा जुना होता का, पण त्याच डब्यातला रंग दुसऱ्या बाजूच्या दाराला लावला होता, आणि तिथे काहीच नव्हतं. पावसाचं पाणी म्हणावं तर पाऊस सरला होता, आणि पाऊस काही एक बाजू निवडून पडत नाही. मी वाकून ते ठिपके पाहिले. गोल होते. थेंबांसारखे. फुटबोर्डवर दाट, दारावर विरळ, आणि सगळे एकाच दिशेने उडालेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सडा पडल्याचा आवाज आला तेव्हा मी खिडकीशी गेले. सासूबाईंनी नेहमीसारखा अंगणात सडा टाकला, दारासमोर रांगोळीचं बोट ओढलं. मग आत येऊन लहान तांब्या आणि आंब्याची डहाळी घेतली, आणि गाडीकडे गेल्या. ड्रायव्हरच्या दाराशी उभ्या राहिल्या. डहाळी बुडवून पायरीवर शिंपडलं, एकदा, दोनदा, तीनदा. ओठ हलत होते. उरलेलं दारावर उडवलं. मागच्या गल्लीतून त्या रोज सकाळी ताजं गोमूत्र आणतात हे मला माहीत होतं. ते देवघरासाठी असतं, असं मी इतके दिवस धरून चालले होते.

मी तिथेच उभी राहिले. त्यांचं ते वयाने आकसलेलं लहानसं पाठमोरं शरीर, आणि समोर तेवढी मोठी गाडी. त्या जणू एखाद्या उंच माणसाच्या पायाशी उभ्या होत्या.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "आई, गाडीवर नका शिंपडत जाऊ."

"काऊन?"

"पत्रा खाते ते."

"गोमूत्र पत्रा खाते?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी अक्षूबद्दल काही अभद्र बोलले. "माणसाच्या आंगातला रोग काढते थे."

मी समजावलं. क्षार, अमोनिया, रोजचा ओलावा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. निवडायला घेतलेली तुरीची डाळ सुपात तशीच राहिली.

"इतके वर्स थो हायवेनं फिरला," त्या म्हणाल्या. "पुढची गाडी उलटली, मागची उलटली. त्याले ओरखडा आला का कधी? मले पत्र्याचं नको सांगू, पोरी."

"पण आता ते ही गाडी चालवतच नाहीत, आई."

"मले काय माहीत नाई?" त्यांचा आवाज बारीक झाला. "त्याची बस मी कुठी पाहू? त्याचा पाय जिथी पडे, ते एवढंच हाय माह्याजोळ. त्याच्यावर शिंपडतो मी."

मी सांगितलं, गाडी पास झाली तर ते परत येणार आहेत, तसं बोलले आहेत. आणि असंच सुरू राहिलं तर ती पास होणार नाही. दुसऱ्या दिवशी सडा टाकून थेट आत आल्या. तांब्या कोरडा होता.

त्या दिवशी दुपारी मी दुर्गेशना फोन लावला, नेहमीच्या वेळी. बंद. पुन्हा लावला. बंद. अक्षूला भात भरवताना घास तिच्या नाकाला लागला, इतकं माझं लक्ष नव्हतं. शिफ्ट संपायची वेळ झाली, टळली. मोबाइलवर तिकडच्या अपघातांच्या बातम्या शोधू नयेत हे मला कळत होतं, आणि मी शोधत होते. केमिस्ट्री, अमोनिया, सगळं खरं होतं. पण त्यातलं काहीच त्या वेळी मला म्हणत नव्हतं की ते सुखरूप आहेत. सासूबाई ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही आणि दोष दिला नाही. तेच जड होतं.

दिवे लागल्यावर फोन आला. चार्जर बिघडला होता, बस्स. मी हं हं म्हणत ऐकलं, फोन ठेवला आणि सासूबाईंजवळ जाऊन बसले.

"उद्यापासून शिंपडा, आई," मी म्हणाले.

"मंग पत्रा?"

उत्तर त्यांनीच काढलं. सकाळी पाहते तर डहाळी आणि तांब्याबरोबर त्यांच्या हातात स्टीलचं ताट. दुर्गेशचं, त्यांच्या नावाची अक्षरं कडेला ठोकलेलं. त्यांनी ते फुटबोर्डवर ठेवलं, ताटात शिंपडलं, ओठ हलवले, आणि ताट दोन्ही हातांनी उचलून उरलेलं तुळशीत ओतलं.

"स्टीलले त गंज नाई ना चढत?" त्यांनी खिडकीकडे न पाहता विचारलं. मी तिथे उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, नाही चढत.

त्यानंतर ठिपके उठले नाहीत. मी शेवटचं लांबीचं काम केलं, घासून हात फिरवला की ठिगळाची कड कळणार नाही इतकं. वरून पांढरा रंग ब्रशने मारला. जुना पांढरा आणि माझा पांढरा जुळला नाही, एक दूध आणि एक ताक. पण पत्रा सलग झाला होता. कुठे धार नव्हती. मी अक्षूचा हात धरून पायरीवरून फिरवला.

दिवाळीला दुर्गेश आले नाहीत. ओव्हरटाइम होता. दिवाळीनंतर प्रेमदासने एक दिवस व्हॅनवर दुसरा माणूस ठेवला आणि पिकअप आरटीओत पासिंगला घेऊन गेला. मीही येते म्हटलं तर तो म्हणाला, वहिनी, अक्षूला घेऊन तिथे धुळीत कुठे उभ्या राहता. मी घरीच थांबले. अंगण झाडलं. पुन्हा झाडलं. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा हॉर्न वाजला. प्रेमदासने काचेतून अंगठा वर केला. त्या साहेबाने पायरीवर बूट आपटून पाहिला, तो सांगत होता, दोनदा आपटला, आणि पुढे गेला.

सासूबाईंनी अक्षूला कडेवर घेतलं आणि तिला गाडीभोवती एक चक्कर मारून आणली. मी मागच्या खोलीत जाऊन फोन लावला.

"पास झाली," मी म्हणाले.

"कोण?"

"गाडी. आपली."

तिकडून आवाज येईना. मी माणसांचे आवाज नीट ऐकते, ती माझी सवय आहे, लेकरू झाल्यापासून जास्तच. त्या शांततेत आनंद नव्हता. वर्गात मास्तरांनी अचानक वही मागावी आणि आपण अभ्यास केलेलाच नसावा, तशी ती शांतता होती.

"कशी काय झाली?" शेवटी ते म्हणाले.

मी काय काय केलं ते सांगायला लागले, आणि मधेच थांबले. ते ऐकत नव्हते. पुढे काय बोलायचं ते शोधत होते.

"सोनम," ते म्हणाले, "मले इथी झोप लागते."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. इथे शिफ्ट संपली की किल्ली जमा करायची. मग ती बस त्यांची नाही. टायर फुटला तर कंपनीचा, माल भिजला तर कोणाचाच नाही, कारण माल नसतोच. उशीखाली फोन ठेवावा लागत नाही. चौघांच्या खोलीत, पंख्याचा आवाज येतो, कोणी घोरतं, आणि तरी डोळा लागतो तो सकाळीच उघडतो. ते हे इतक्या हळू सांगत होते, जसं काही वाईट केल्याचं कबूल करावं.

मला आमचे ते दिवस आठवले. रात्री ते माझ्याकडे पाठ करून पडायचे. मला वाटायचं, झोपले. ते झोपतच नव्हते.

"मग म्हणालात कशाला तुम्ही?"

"मले वाटलं, पास होतच नाई थे."

ते म्हणाले, खोली पाहतो, तू आणि अक्षू इकडे या. मी विचारलं, आणि आई? ते म्हणाले, आई येईन का? आम्हा दोघांनाही माहीत होतं. तेवढ्यात तिकडे कोणी हाक मारली, बस लागली म्हणून, आणि त्यांनी ठेवतो म्हटलं.

मी बाहेर आले. सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. अक्षू त्यांच्या मांडीशी बसून देठ वेचत होती.

"कधी येते?" त्यांनी विचारलं.

मी ठरवून आले होते, सांगायचं की सुट्टी मिळाली की. तोंडातून निघालं, "नाही येत ते, आई."

त्यांच्या बोटांतली काडी अर्धी तोडलेली राहिली. "काऊन?"

"तिथे झोप लागते म्हणाले."

त्यांनी मान वर करून समोर पाहिलं. गाडीकडे नाही, गाडीच्याही पलीकडे, रस्त्याकडे. मला वाटलं आता रडतील, किंवा मला बोलतील, की तूच पाठवलं त्याला, तुझ्यापायी. तसं काही झालं नाही.

"लागते त लागू दे," त्या म्हणाल्या. मग काडी तोडली. पुढची घेतली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उभी गाडी पुन्हा सडन. प्रेमदासले विचारजो, चालवतं का म्हणा. कापसाचे दिवस हायेत."

प्रेमदास अर्ध्या वाट्याने चालवायला तयार झाला. त्याच आठवड्यात त्याला सिंदीच्या जिनिंग कारखान्यात कापूस न्यायचं काम मिळालं. सकाळी तो आला, गाडी पुसली, हार घातला आणि सासूबाईंच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थोडा जास्त वेळ राहिला. मग त्याने फुटबोर्डवर पाय दिला आणि वर चढला. ठिगळ वाकलं नाही. गाडी मागे घेताना तो काचेतून मला विचारत होता, जागा आहे का, आणि मी हाताने ये, ये करत होते.

गाडी गेटबाहेर लागली होती, इंजिन सुरू होतं, तेवढ्यात दुर्गेशचा व्हिडिओ कॉल आला. ते रात्रपाळी करून नुकतेच खोलीवर आले होते. डोळे लाल, पण चेहरा भरलेला. खरंच भरला होता. त्यांनी अक्षूला दोन शब्द विचारले, मग म्हणाले, गाडी दाखव.

मी फोन वळवला. आधी अंगण दिसलं, मधली मोकळी जागा, तेलाचे काळे डाग. मग गेट, मग गाडी.

"चाललीच का?"

"चालली. सिंदीला."

ते पाहत राहिले. मी फोन स्थिर धरला, माझा चेहरा त्यात येणार नाही असा.

"तिसरा गिअर टाकताना जरासं थांबा लागते," ते म्हणाले. "दाबून नाई टाकाचा. सांगितलं का त्याले?"

"मला काय माहीत. तुम्हीच सांगा."

मागे कोणीतरी त्यांना दिवा बंद कर म्हणालं, त्या माणसाला झोपायचं होतं. "हव," त्यांनी होकार दिला, कोणाला ते कळलं नाही, आणि स्क्रीन काळी झाली.

मी गेटपर्यंत गेले आणि प्रेमदासला काचेवर टकटक करून सांगितलं. तिसरा गिअर टाकताना जरा थांबायचं. दाबायचा नाही.

"मले माहीत हाय, वहिनी," तो म्हणाला. पण काच पूर्ण खाली करून त्याने ते पुन्हा एकदा ऐकून घेतलं.